कोल्ड्रिंक नको, बर्फ जास्त

पत्र

नमस्कार ताई,

माझा भाचा मिलानला शिकतो. दिवाळीला येताना त्यानं विमानतळावरच्या दुकानातून अपेरोलची, म्हणजे तिकडच्या कडसर-गोड नारिंगी दारूची, एक लिटरची बाटली आणली. येत्या शनिवारी ह्यांचा पन्नासावा वाढदिवस आहे. घरीच करतोय, पिणारे आठ जण आणि न पिणारे तीन. बाटली त्याच दिवशी काढायची असं ठरलं, म्हणून गेल्या रविवारी आम्ही तालीम केली. फ्रीजमध्ये लिंबाचं कोल्ड्रिंक होतं, संत्र्याच्या रसाचा खोका होता, ते घातलं आणि वर दोन-दोन बर्फाचे खडे टाकले. सासऱ्यांनी एक घोट घेतला, "हे तर खोकल्याचं औषध" म्हणाले आणि आपली व्हिस्की ओतून घेतली. बाकीच्यांनी माझ्याकडे बघून संपवलं.

नेमकं चुकलं काय? त्यात तिकडची फेसाळ वाइन, प्रोसेकोच लागते का, की नाशिकची वाइन चालेल? भाचा म्हणतो याची नेग्रोनी (एक कॉकटेल) कर, होते का? सोबत खायला काय ठेवू? सासूबाई दोनदा विचारून गेल्या, "शाकाहारी आहे ना गं?" मला वाटतं त्यांना चाखायची आहे, पण सगळ्यांसमोर नाही.

ता. क. पुढच्या महिन्यात बडोद्याला नणंदेकडे जायचंय. उरली तर तिच्यासाठी नेऊ का?

— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर

सासऱ्यांचं निदान फारसं चुकलेलं नाही, हे आधी कबूल करू या. अपेरोलचा कडूपणा ज्या वनस्पतींमधून येतो त्यांत जेन्शनचं मूळ आणि सिंकोनाची साल आहे. सिंकोना म्हणजे हिवतापावरचं क्विनाइन देणारं झाड. आणि जेन्शन तर आपल्या काडेचिराइताच्याच कुळातलं. तापात चिराइताचा काढा नाक दाबून प्यायलेल्या पिढीला या घोटात दवाखाना आठवला तर त्यांना दोष कसा द्यायचा? युरोपातली ही कडू पेयं मुळात आलीच औषधाच्या फडताळावरून. जेवणाआधी घोटभर कडू घेतलं की भूक लागते आणि अन्न पचतं, हा तिकडचाही जुना समज.

अपेरोल त्या मानानं बरंच सौम्य. पादुआ शहरातल्या बार्बिएरी बंधूंनी १९१९ साली तिथल्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा मांडलं. कडू आणि गोड अशा दोन्ही संत्र्यांचा स्वाद, रुबार्ब, वर सांगितलेल्या मुळ्या आणि साली, आणि भरपूर साखर. अल्कोहोल अवघं ११ टक्के, म्हणजे वाइनइतकंच. तुमच्या सासऱ्यांच्या व्हिस्कीत ते ४२.८ टक्के असतं. एवढं लक्षात घेतलं की रविवारी काय बिघडलं ते कळतं.

बाटलीत साखर आधीच होती. तुम्ही तिच्यात गोड कोल्ड्रिंक घातलं, मग खोक्यातला गोड रस घातला. दोन खडे बर्फ पाच मिनिटांत विरघळला, पेय कोमट झालं. गोड, कडू, कोमट आणि थोडं चिकट: कफ सिरपची याहून वेगळी व्याख्या मला तरी माहीत नाही. कडू लागलं की आपला हात आपोआप साखरेकडे जातो, कारल्यात गूळ घालायची सवय जुनी आहे. इथे मात्र गूळ बाटलीतच आहे. बाहेरून द्यायचं ते थंडी, फेस, थोडा आंबटपणा आणि तोंडी लावायला खारं.

आता मूळ कृती. तिचं नाव स्प्रिट्झ, आणि प्रमाण तीन-दोन-एक: तीन भाग फेसाळ वाइन, दोन भाग अपेरोल, एक भाग सोडा. आपल्याकडे गंमत अशी की त्यासाठी वेगळं माप आणायला नको, घरातलं पेगचं मापच चालतं. ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे एक भाग. वाइनचे तीन छोटे, अपेरोलचा एक मोठा, सोड्याचा एक छोटा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्या बर्फाला आणि आपल्या जिभेला ६० मिली अपेरोल जरा गोड पडतं, ४५ पुरे. इटलीतल्या कुणाला हे सांगू नका. पण पहिला ग्लास तीन-दोन-एकनंच करून बघा, म्हणजे आपण काय कमी करतोय ते कळेल.

ग्लास मोठा घ्या. वाइनचा फुगीर असला तर उत्तम, नसला तर लस्सीचा उंच काचेचा चालेल, स्टीलचा नको. अर्धी मजा त्या नारिंगी रंगात आहे. ग्लास काठापर्यंत बर्फानं भरायचा. बर्फ जास्त घातला तर पेय पाणचट होईल अशी भीती सगळ्यांना वाटते, होतं नेमकं उलटं. दोन खडे पेय गार करता करता स्वतः संपतात, भरलेला ग्लास लगेच गार होतो आणि मग बर्फ हळूहळू वितळतो. आणखी एक, फ्रीजरमधला बर्फ आधी चाखून बघा. सोललेले मटार, लसणीची पेस्ट आणि ओलं खोबरं ज्या कप्प्यात असतं तिथला बर्फ त्यांचाच वास घेऊन येतो, आणि असल्या नाजूक पेयात तो लगेच कळतो. शुक्रवारी रात्री स्टीलच्या छोट्या वाट्यांमध्ये पाणी भरून, वर झाकण ठेवून, वेगळ्या कप्प्यात गोठवा. वाटी पालथी करून खालून नळाचं पाणी सोडलं की अख्खा गोळा सुटतो. एका ग्लासात एक गोळा आणि भोवती लहान खडे. आठ माणसांच्या दोन फेऱ्यांना घरचा बर्फ पुरणार नाही, तेव्हा दोन पिशव्या बाहेरून आणाच.

ओतायचा क्रमही ठरलेला आहे. आधी बर्फ, मग वाइन, मग अपेरोल, शेवटी सोडा. अपेरोल साखरेमुळे वाइनपेक्षा जड. ते आधी ओतलं तर तळाशी बसून राहतं, मग चमचा घालून घुसळावं लागतं आणि घुसळलं की फेस गेला. वाइनवर वरून गोल फिरवत ओतलं तर ते नारिंगी दोऱ्यांसारखं बर्फाच्या फटींतून खाली उतरतं आणि उतरता उतरता स्वतःच मिसळतं. मग लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हलकेच वर उचला. लिंबू सरबत ढवळतो तसं अजिबात ढवळायचं नाही. वाइन, अपेरोल, सोडा, तिन्ही बाटल्या सकाळपासून फ्रीजमध्ये हव्यात. सोडा साधा. मसाला सोडा नको, जलजिरा नको, आणि शिकंजी घाला असं पाहुण्यांपैकी कुणी सुचवलं तर त्याला आठवण करून द्या की इंदुरात शिकंजी दुधाची असते.

प्रोसेकोच हवी का? नाही. प्रोसेको ही इटलीच्या ईशान्य भागातली, ग्लेरा नावाच्या द्राक्षाची फेसाळ वाइन. पादुआ आणि व्हेनिस त्याच पट्ट्यात येतात, म्हणून तिथे ती हाताशी असते, एवढंच तिचं स्थान. इतकं अपेरोल आणि सोडा पडल्यावर तिचे नाजूक गुण तसेही झाकले जातात, तेव्हा महागडी बाटली यात घालणं मला उधळपट्टी वाटते. नाशिकची चालेल, चांगली चालेल. सुलाची ब्रूट आहे, दिंडोरीत होणारी शांदोंची ब्रूट आहे. लेबलवर 'ब्रूट' हा शब्द असल्याची खात्री करा, कारण ती कमी साखरेची असते आणि आपल्याला तेच हवंय. 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं दिसलं तर फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. 'डेमी-सेक' त्याहून गोड, ती तर नकोच.

फेसाळ वाइन मिळालीच नाही तर साधी पांढरी, कोरडी वाइन घ्या आणि सोडा दुप्पट करा: ९० वाइन, ४५ अपेरोल, ६० सोडा. याला तडजोड म्हणायचं कारण नाही. व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं तेव्हा तिथल्या लोकांना इटालियन वाइन कडक वाटायची, म्हणून ते तीत पाणी घालायचे, असं सांगतात. स्प्रिट्झची सुरुवात तिथली. फेसाळ वाइन त्यात बरीच नंतर आली.

हिशेब सोपा आहे. ७५० मिलीच्या एका बाटलीत ९० मिलीप्रमाणे आठ ग्लास बसतात. आठ जण, दोन फेऱ्या, म्हणजे दोन बाटल्या. अपेरोल ४५नं धरलं तर दोन फेऱ्यांना ७२० मिली लागेल, रविवारच्या तालमीनंतर तेवढं उरलं असावं. दुसरी बाटली पहिली संपेपर्यंत उघडू नका. उघडल्यावर फेस त्याच रात्रीचा. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवला की फेस टिकतो ही ऐकीव गोष्ट आहे, चमच्यानं काही होत नाही. घट्ट बसणारं खास झाकण मिळतं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत साथ देतं. आणि बूच उडवू नका. वाढदिवस असला तरी. बूच एका हातात घट्ट धरायचं, दुसऱ्या हातानं बाटली फिरवायची आणि आवाज फुसकाच येऊ द्यायचा. उडवलेल्या बुचाबरोबर तुम्ही पैसे देऊन घेतलेला फेस छतावर जातो, शिवाय कुणाच्या डोळ्याची गाठ पडली तर शनिवारची रात्र नेत्रतज्ज्ञाकडे.

एक गोष्ट जरा गांभीर्यानं. हे पेय सरबतासारखं दिसतं आणि सरबतासारखंच पटकन संपतं. ९० मिली वाइनमधून जवळजवळ ११ मिली शुद्ध अल्कोहोल येतं आणि ४५ मिली अपेरोलमधून जवळजवळ ५. म्हणजे एका ग्लासात साधारण १६ मिली. व्हिस्कीच्या छोट्या पेगमध्ये १३च्या आत असतं. "आम्ही काय, नुसतं हलकं घेतोय" म्हणत तीन ग्लास रिचवणारा माणूस त्या कोपऱ्यात दोन छोटे पेग घेऊन बसलेल्या काकांच्या बराच पुढे गेलेला असतो. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा आहे, आणि ती ओलांडायला फार लागत नाही. रात्री सराफ्यात, तिथल्या खाऊबाजारात, जायचा बेत निघेलच, इंदुरात तो निघाल्याशिवाय पार्टी संपत नाही. तेव्हा न पिणाऱ्या तिघांपैकी एकाला किल्ली आधीच देऊन ठेवा. भाच्याच्या वयाची मंडळी येणार असतील तर मध्य प्रदेशात वय २१ लागतं, मिलानमध्ये काही का असेना.

नेग्रोनीचं म्हणाल तर भाच्याचं अर्धं बरोबर आहे. नेग्रोनी म्हणजे जिन, कॅम्पारी आणि गोड लाल व्हरमूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), तिन्ही सारख्या मापानं. फ्लॉरेन्समध्ये १९१९च्या सुमारास कामिल्लो नेग्रोनी नावाच्या काउंटनं आपल्या नेहमीच्या पेयातला सोडा काढून जिन घालायला सांगितलं, अशी तिची कथा. तिथली कॅम्पारी म्हणजे तुमच्या बाटलीची थोरली जाऊ म्हणा: १८६०ची, अल्कोहोलमध्ये दुपटीच्या आसपास आणि जिभेला कितीतरी जास्त कडक. आता दोन्ही एकाच घरात नांदतात, २००३ साली कॅम्पारीवाल्यांनी अपेरोल विकत घेतलं. कॅम्पारीच्या जागी अपेरोल घालून केलेली नेग्रोनी गुळमट होते, कारण व्हरमूथही गोड आणि हेही गोड. करायचीच तर कोरडं पांढरं व्हरमूथ घ्या, तिघांचं माप सारखं, भरपूर बर्फावर वीस-तीस सेकंद ढवळायचं. त्याला 'कॉन्तेस्सा' म्हणतात आणि ते छान लागतं. पण एका संध्याकाळसाठी व्हरमूथची अख्खी बाटली घेऊ नका असंच मी सांगेन. व्हरमूथ ही वाइनच, उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते. आपल्या घरांमध्ये ती वर्षभर शोकेसमध्ये उभी असते आणि मग लोक म्हणतात व्हरमूथ वाईट लागतं.

सासऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे एक गोष्ट आहे. त्यांना स्प्रिट्झ पाजायच्या भानगडीत पडू नका. त्यांचीच व्हिस्की ४५ मिली, अपेरोल ३० आणि ताज्या लिंबाचा रस १५ ते २० मिली. आपली लिंबं आंबट असतात, तेव्हा १५पासून सुरुवात करा. झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवा, बरणीला बाहेरून दव धरलं की गाळून छोट्या ग्लासात द्या. साखर घालायची नाही, ती अपेरोलमध्ये आहे. यात अपेरोल मुकाट्यानं मागे उभं राहतं आणि व्हिस्की पुढे येते, त्यामुळे मान त्यांचाच राहतो. सिंगल माल्ट यात घालू नका, ते पाप त्यांना सहन होणार नाही. नेहमीची बाटली पुरते. आणि हे करण्याआधी "बाबा, तुमची व्हिस्की घेऊ का थोडी?" असं विचारा. परवानगी त्यांनी दिली की पेय त्यांचं झालं.

फळाचं बघू. इटलीत संत्र्याची चकती घालतात. आपली नागपुरी किंवा आगर-माळव्याची संत्री खायला लाख गोड, पण त्यांची साल सैल, फोडी सुट्या आणि बिया भरपूर. चकती कापायला गेलं की हातात लगदा येतो. चकतीसाठी माल्टा किंवा घट्ट सालीचं बाहेरचं संत्रं आणा. मात्र आपल्या संत्र्याच्या सालीला जो वास असतो तो त्या बाहेरच्याला नसतो. म्हणून चकती माल्ट्याची घाला आणि वास संत्र्याचा द्या: सालीचा बोटभर तुकडा ग्लासच्या तोंडावर धरून, रंगीत बाजू खाली करून, चिमटीत दुमडायचा. तेलाचा बारीक फवारा पेयावर पडताना उजेडात दिसतो. लहानपणी आपण हाच फवारा भावंडांच्या डोळ्यांत मारायचो. व्हेनिसकडे ग्लासात हिरवा ऑलिव्हही टाकतात. मिठाच्या पाण्यातले ऑलिव्ह बरणीत मिळतात, काडीला एक टोचून बघा. मीठ जिभेवरचा कडूपणा दाबतं, हे शास्त्रानं सिद्ध झालेलं आहे. रविवारी ज्यांनी तुमच्याकडे बघून ग्लास संपवला त्यांच्यासाठी हा ऑलिव्ह आहे.

आणि याच मिठामुळे खाण्याच्या बाबतीत इंदूरला काही शिकवायची गरज नाही. इटलीत स्प्रिट्झबरोबर बटाट्याचे वेफर, खारे दाणे, ऑलिव्ह, छोटे पाव असलं काहीबाही येतं. आपल्याकडे नमकीनवाल्याच्या दुकानात शिरलं की त्याच्या चौपट माल डब्यांमध्ये दिसतो. रतलामी शेव घ्याच. तिच्यातली लवंग आणि मिरी अपेरोलमधल्या संत्र्याला इतकी जवळची आहे की ही जोडी कुणी मुद्दाम जुळवली असावी असं वाटतं. फक्त अति तिखट प्रकार घेऊ नका, सोड्याचा फेस आणि लाल तिखट एकत्र आले की जीभ जळते आणि मग कुणाला काही चव लागत नाही. मध्यम तिखटाची घ्या. साध्या खाऱ्या दाण्यांना कमी लेखू नका. चिवड्यात बेदाणे आणि साखर असेल तर तो नको.

थंडी आहे, म्हणजे बाजारात गराडू (एक कंद) आहे. शनिवारसाठी माझी पहिली पसंती तीच. फोडी आधी तळून ठेवायच्या, वाढायच्या वेळी कडकडीत तेलातून पुन्हा काढायच्या, वर जिरावन मसाला आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ, बोटांना तेल, आणि त्यावर गार कडसर फेसाचा घोट. तेलकट खाल्लेलं तोंड हा फेस दर घोटाला धुऊन काढतो आणि पुढची फोड पहिल्यासारखी लागते. मराठी घर म्हणून कोथिंबीर वडीही हवी. वड्या दुपारी उकडून कापून ठेवा, पाहुणे आले की तळा. डाळीच्या पिठाची खमंग चव या पेयाला सुरेख पेलते. वडीच्या पिठात गूळ घालण्याची तुमच्या घरची पद्धत असेल तर त्या दिवशी तेवढा वगळा.

जे चालत नाही ते गोड. जिलबी, मावाबाटी, श्रीखंड, केक. तोंडात गोड असताना अपेरोल प्यायलं की त्यातली साखर जिभेला कळतच नाही, नुसता कडूपणा उरतो आणि सासरे पुन्हा खरे ठरतात. केक कापायचा कार्यक्रम सुरुवातीला ठेवायचा आपल्याकडे रिवाज आहे. तो या वेळी जेवणानंतर ठेवा, ह्यांना सांगा की पन्नाशीत एवढी वाट बघायला हरकत नाही.

वेळेचंही तसंच. आपल्या पार्ट्यांमध्ये आठला बसलेली माणसं साडेअकराला "आता जेवायचं का?" विचारतात. हे पेय त्या चालीचं नाही. ते जेवणाआधीचं आहे, एक किंवा दोन ग्लासांचं. तिसऱ्याला साखर जाणवायला लागते आणि भूक मरते. साडेसातला पहिला ग्लास हातात द्या, नऊला पानं वाढा. ज्यांना पुढे बसायचंय ते आपापल्या व्हिस्कीकडे वळतील, त्यांना अडवू नका.

सासूबाईंचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. कॅम्पारीचा लाल रंग पूर्वी कोचिनील नावाच्या किड्यापासून यायचा, २००६च्या सुमाराला कंपनीनं बहुतेक ठिकाणी तो बंद केला. तुमच्या बाटलीतला नारिंगी रंग कृत्रिम खाद्यरंगांचा आहे, लेबलवर ई ११० आणि ई १२४ असे आकडे दिसतील. तेव्हा किड्याच्या बाबतीत त्यांना निर्धास्त करा. चाखण्याचं म्हणाल तर सगळ्यांसमोर ग्लास पुढे करून "आई, घ्या ना" असा आग्रह चुकूनही करू नका. तसं केलं की त्यांना 'नको' म्हणावंच लागेल. पाहुणे यायच्या तासभर आधी स्वयंपाकघरात पहिला ग्लास करा आणि म्हणा, "आई, प्रमाण बरोबर झालंय का बघता?" आमटीची चव बघायला आपण त्यांनाच बोलावतो, हेही त्यातलंच. बीपीची, साखरेची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून घ्या, घोटभर असलं तरी.

न पिणाऱ्या तिघांच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली देऊन मोकळ्या होऊ नका. त्याच मोठ्या ग्लासात, तेवढ्याच बर्फावर, ६० मिली ताजा मोसंबीचा रस, एक चमचा कोकमाचं आगळ आणि वर १२० मिली थंड टॉनिक वॉटर. टॉनिकमध्ये क्विनाइन असतं, म्हणजे कडूपणा त्याच सिंकोनाचा. आगळात मीठ आणि आंबटपणा दोन्ही असतात, रंगही सुंदर येतो. आगळ घ्या, कोकम सरबत नाही, त्यात साखर असते. वर संत्र्याच्या सालीचा तोच फवारा. मला तर हे स्प्रिट्झइतकंच आवडतं, आणि दोन ग्लास झाल्यावर पिणाऱ्यांपैकी निम्मे लोक हेच मागतील.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजच्या दारात ठेवा. अल्कोहोल कमी असल्यानं ती व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाही, पण काही महिने चव उत्तम राहते. एखाद्या संध्याकाळी एकटीसाठी वाइन उघडावीशी वाटली नाही तर ४५ मिली अपेरोल, भरपूर बर्फ, वर टॉनिक आणि लिंबाची फोड.

बडोद्याला मात्र नेऊ नका. गुजरात वेगळं राज्य झालं त्या १९६० सालापासून तिथे दारूबंदी आहे, आणि बाटली भेट म्हणून आणली की स्वतःसाठी, हे सीमेवरचं पिटोल ओलांडल्यावर कुणी विचारत बसत नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी परवाना असतो, पण तो तुमच्यापुरता असतो, नणंदेला पाजायला नाही. तिच्यासाठी आगळाची बाटली न्या आणि रतलामी शेव न्या. टॉनिक तिकडे मिळतं.